‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाहीं’ : एका वचनाची चिकित्सा

रोमन कॅथलिक पंथाविषयीं लिहिणारे लोक ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाहीं’ हें वचन वारंवार पुढें करितात. विरोधक तें दोषारोपासाठीं काढतात. पंथांतील कडवे अनुयायी तेंच अभिमानानें मिरवितात. तें वचन एकाच दिवशीं, एकाच लेखणीनें उतरलेलें शासन आहे असें दोघेही धरून चालतात. कागद कोणीं, कोणास, कोणत्या प्रसंगीं लिहिला हें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ लावूं नये, हा आपणां संशोधकांचा नियम. तो धर्मशासनांसही लावून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मूळ शब्द कार्थेजचा बिशप सिप्रियन याचे. इ. स. २५६ च्या सुमारास जुबैयानुस नांवाच्या दुसऱ्या एका बिशपास त्यानें लिहिलेल्या पत्रांत ते आढळतात. वाद होता तो पाखंडी मंडळींनीं दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरावा कीं नाहीं, याचा. दूरदेशींच्या, ख्रिस्ताचें नांवही न ऐकलेल्या माणसांचा तेथें प्रश्नच नव्हता. सिप्रियनचें म्हणणें पुढें अमान्य झालें व तसा बाप्तिस्मा ग्राह्य ठरला. म्हणजे हरलेल्या पक्षाच्या कैफियतींतील एक वाक्य तेवढें टिकून राहिलें. बाप्तिस्म्यापूर्वींच हौतात्म्य आलेल्या दीक्षार्थ्यांस रक्ताचा बाप्तिस्मा घडतो, असेंही तोच त्याच पत्रांत सांगतो, हें सहसा कोणी उद्धृत करीत नाहीं.

सर्वांत कठोर शब्द फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेचे. मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी व फुटून निघालेले लोक मरणापूर्वीं ख्रिस्तसभेस मिळाले नाहींत तर शाश्वत अग्नींत जातील, असें चौथ्या यूजीन पोपच्या आज्ञापत्रांत स्पष्ट आहे. त्यावरील मिति ४ फेब्रुवारी १४४१. परंतु फ्लॉरेन्सचें वर्ष २५ मार्चला पालटत असल्यामुळें आपल्या गणनेनें तें साल १४४२ होतें. मृगसालाचा मेळ घालणाऱ्यांस यांत नवल वाटणार नाहीं. याहून महत्त्वाचा मुद्दा कर्तृत्वाचा आहे. हा उतारा बहुतांशीं ‘पेत्रुसास श्रद्धेविषयीं’ या लॅटिन ग्रंथावरून उतरला आहे. मध्ययुगांत तो ग्रंथ ऑगस्टिनच्या नांवावर चालत असे. वस्तुतः तो उत्तर आफ्रिकेंतील रुस्पे येथील बिशप फुल्गेन्शियस याचा. नामदेवाच्या गाथेंत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आहेत, त्यांतलाच हा प्रकार. थोराच्या नांवावर चढलेला मजकूर थोराचें वजन घेऊन फिरतो. लेखक निराळा निघाला म्हणून परिषदेची मोहोर पुसली जात नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण तें आज्ञापत्र इजिप्तच्या कॉप्ट ख्रिस्त्यांशीं ऐक्य करण्यासाठीं निघालें होतें, आणि कोलंबसाचें जहाज सुटावयास तेव्हां पन्नास वर्षें अवकाश होता.

या वचनाची खरी कसोटी लागली ती जपानांत. फ्रान्सिस झेवियर (ज्याचें शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस मंदिरांत आहे) १५४९ पासून १५५१ अखेरपर्यंत तेथें होता. परत आल्यावर २९ जानेवारी १५५२ रोजीं कोचीनहून युरोपांतील आपल्या बंधूंस त्यानें जें लांब पत्र लिहिलें, त्याच्या तोडीचें पत्र या विषयांत आमच्या पाहण्यांत नाहीं. नवख्रिस्ती जपानी लोकांनीं त्यास विचारिलें कीं, आमचे मृत पूर्वज नरकांत असतील तर दानानें, प्रार्थनेनें त्यांची सुटका होईल काय? झेवियरनें, उपाय नाहीं, असें सांगितलें. ते रडूं लागले. ज्या गोष्टीस इलाज नाहीं तिच्यासाठीं आपले जिवलग मित्र रडतांना पाहून आपणांसही दुःख होतें, असें तो लिहितो. आपल्याकडे पितरांचें श्राद्ध करणाऱ्या घरास हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाहीं.

त्याच पत्रांत दुसरें एक उत्तर आहे. देव दयाळू असतां त्यानें आम्हांस इतके दिवस अंधारांत कां ठेविलें, या आक्षेपावर झेवियर म्हणतो कीं, हत्या व चोरी वाईट हें तुम्हांस चीनचे धर्मग्रंथ येण्यापूर्वींही ठाऊक होतें. ईश्वराचा नियम मनुष्याच्या हृदयांतच लिहिलेला आहे. अरण्यांत वाढलेल्या माणसाचा दाखला टॉमस अक्वायनस यानें तीन शतकें आधीं घेतला होता. झेवियरही डोंगरांत एकटाच वाढलेला माणूस पुढें करितो. हीं दोन उत्तरें एकमेकांशीं नीट जुळत नाहींत. दुसरें शेवटास नेलें तर पहिलें ढिलें पडतें. झेवियरनें तें नेलें नाहीं.

इतरत्र मात्र गांठ सुटूं लागली होती. ज्यांस सुवार्ता पोंचलीच नाहीं त्यांवर अश्रद्धेचें पातक येत नाहीं, असें साल्मान्का येथें व्हितोरियानें १५३९ सालीं प्रतिपादिलें. ट्रेंटच्या परिषदेनें १५४७ त ‘बाप्तिस्मा अथवा त्याची इच्छा’ असे शब्द योजिले. नवव्या पायसनें १८६३ त निरुपाय अज्ञानाची सवलत स्पष्ट सांगितली.

पुढें बोस्टनमध्यें लेनर्ड फीनी या जेझुइटानें हें वचन अक्षरशः घ्यावें असा हट्ट धरिला, तेव्हां रोमच्या होली ऑफिसनें ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तेथील आर्चबिशपास पत्र पाठवून तो अर्थ नाकारिला. तें पत्र पूर्ण छापलें गेलें १९५२ सालीं, आणि रोमच्या अधिकृत राजपत्रांत तें आलेंच नाहीं. दप्तरीं नोंद नसलेल्या कागदावर जी शंका येते ती फीनीच्या पक्षानें येथें घेतली. शंका रास्त होती, पण ती टिकली नाहीं; १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेनें आपल्या शासनाच्या टीपेंत त्याच पत्राचा आधार दिला. फीनी १९५३ त बहिष्कृत झाला व १९७२ त परत घेतला गेला.

शिकवण पालटली नाहीं, तिचें विवरण तेवढें वाढलें, असें पंथाचे समर्थक म्हणतात. वचन कधीं मागें घेतलें नाहीं, इतकें खरें. तथापि १४४२ चा व १९६४ चा कागद शेजारीं मांडून वाचणाऱ्यास हें समर्थन पुरेसें वाटणार नाहीं. स्वतःच्या दोषावांचून ज्यांस सुवार्ता ठाऊक नाहीं, पण जे सरळ मनानें ईश्वरास शोधितात, त्यांस तारण मिळूं शकतें, असें दुसरा सांगतो. पहिल्याच्या लेखकांनीं तो आपला म्हणून ओळखला असता असें आम्हांस वाटत नाहीं. यामागुचीच्या पितरांस दुसऱ्या कागदांत वाट सांपडते.

झेवियरचें पत्र ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं तुर्सेलिनीनें १५९६ सालीं लॅटिनांत घोटून काढिलेल्या भाषांतरावर विसंबूं नये. शुऱ्हामर व विकी यांनीं हस्तलिखितें ताडून १९४४–४५ सालीं रोम येथें काढिलेली दोन खंडांची आवृत्ति घ्यावी, आणि वर सांगितलेलीं दोन्ही उत्तरें एकाच बैठकींत वाचावीं.