पाच पायऱ्या उतरताना

सुरक्षेसाठी नावाजलेल्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमला 2014 साली, 5.6 या आवृत्तीत, 'एचटीटीपीडी' हा स्वतःचा वेब सर्व्हर मिळाला. त्याच्या कोडमधला एक छोटा उतारा मी पुन्हा पुन्हा वाचतो. पानं वाढणारी प्रोसेस जन्मतः 'रूट' असते. यंत्रावर तिला मज्जाव असा नसतो. पाच सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या पाच विनंत्यांमध्ये, ती हे सगळं सोडून देते. त्या सोडण्याच्या क्रमात या उताऱ्याचं सौंदर्य आहे.

पहिला कॉल 'सीएच-रूट', 1979 च्या, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनचा. तो प्रोसेसचं मूळच बदलतो. /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू एवढं एक फोल्डर तिच्यासाठी अख्खी फाइलसिस्टिम होतं. कुलूप लावलेलं दार निदान दिसतं. इथे पासवर्डच्या फाइलीकडे जाणारी वाटच तिच्या जगातून पुसली जाते.

दुसरा 'सीएच-डिर', नव्या मुळाशी. वरवर तो अनावश्यक वाटतो. पण मूळ बदललं तरी प्रोसेस उभी होती तिथेच उभी असते. ती जागा बाहेर असेल, तर एकेक फोल्डर वर चढत ती खऱ्या मुळाशी पोचू शकते. घर बदललं, पाय मात्र जुन्याच अंगणात! ही ओळ तो पाय आत घेते.

मग 'सेट-ग्रुप्स', 'सेट-रेस-जीआयडी', 'सेट-रेस-यूआयडी': आधी जादाचे गट, मग मुख्य गट, शेवटी स्वतःची ओळख. ओळख आधी सोडली, तर गट सोडण्याचा अधिकारही जातो. 'रेस' या तुकड्यात खरी, चालू आणि राखून ठेवलेली अशा तिन्ही ओळखी येतात. राखीव ओळखही जाते, म्हणजे परतीची वाट संपते. हे हवंच, कारण रूट राहिलेल्या प्रोसेसला 'सीएच-रूट'ची भिंत ओलांडता येते. पहिल्या ओळीचा अर्थ असा शेवटच्या ओळीत पुरा होतो.

आणि पालुपद: प्रत्येक टप्प्यावर 'जमलं नाही तर इथेच संपव'. अर्धवट सोडलेल्या अधिकारानिशी चालण्यापेक्षा ही प्रोसेस न चालणं पत्करते.

ही प्रोसेस जिच्यातून जन्मते, ती बाहेरची पालक प्रोसेस पोर्ट उघडते, लॉग उघडते, टीएलएसची खासगी किल्ली वाचते आणि ही शिदोरी आत देते. शिदोरीत नसलेलं आत मिळत नाही. डेटाबेसचं सॉकेट सापडत नाही, मेल धाडायला शेल नसतं. साइट बसवणारा मेटाकुटीला येतो. पण त्यामुळेच काय काय लागतं ते त्याला एकेक करून ठरवावं लागतं.

उद्या सर्व्हरमध्ये चूक निघाली आणि कुणी परका त्या प्रोसेसमध्ये शिरला, तर तिचं जे आहे तेवढंच त्याच्या हाती पडेल. पाच पायऱ्या उतरून आलेल्या प्रोसेसकडे फारसं काही उरलेलं नसतं.