गोधडी : रूपक आणि टाका (वागळे इस्टेट परिसराच्या संदर्भात)

मराठी कवितेत वा ललित गद्यात गोधडी आली की तिच्यामागोमाग आई येते, आईमागे ऊब येते आणि समीक्षकाचे काम बहुधा तेथेच संपते. डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शालेय पाठ्यपुस्तकातून असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. तिच्याकडेही प्रामुख्याने मायेच्या अंगानेच पाहिले जाते. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. गोधडी ही प्रथम शिवलेली वस्तू आहे. प्रस्तुत लेखात या रूपकाचा विचार टाक्याच्या बाजूने करावयाचा आहे.

गोधडीला खाली व वर त्यातल्या त्यात टिकाऊ साडी असते आणि मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घालतात. कडा आत मुडपून शिवल्या की धावदोरा सुरू होतो. तो पुष्कळदा कडेने निघून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे जातो. कापड जीर्ण असेल तेथे ठिगळ येते आणि ठिगळाच्या कडेला तुरपाईचा बारीक टाका. एकाच वस्तूत हाताच्या शिवणीचे असे निरनिराळे प्रकार नांदतात व प्रत्येकाचे कारण वेगळे असते. टाके विरळ पडले तर धुण्यात आतील चिंध्यांचे गोळे होतात. धावदोऱ्याच्या समांतर रेषांतून डोळ्यांना जाणवणारी लय सजावटीसाठी आलेली नाही; ती थर धरून ठेवण्याच्या गरजेतून आली आहे. सौंदर्य आणि उपयुक्तता यांची फारकत करणारी आपली परिभाषा येथे अडखळते.

ठाण्यातील वागळे इस्टेट या संदर्भात उद्बोधक ठरते. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सुरुवातीच्या औद्योगिक क्षेत्रांत तिची गणना होते. तिच्या आधाराने किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर अशा कामगारवस्त्या वाढल्या. घाटावरून व कोकणातून आलेल्या कुटुंबांबरोबर गोधडीही आली. घाटावरची मंडळी तिला वाकळ म्हणतात. ठाण्याची थंडी मोजकीच, नाताळच्या सुटीच्या सुमारास पहाटे जाणवेल एवढी. कापूस भरलेली रजई येथे जड होते, गोधडी पुरते. (ती शिवण्याचा हंगाम मात्र उन्हाळ्याचा, हे रूपककारांच्या सहसा लक्षात येत नाही.)

गावी गोधडीत घरच्याच माणसांचे कपडे असत. औद्योगिक शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यांतील कातरणही तिच्यात येऊ लागले आणि येथे रूपकाला तडा जातो. कातरण कोणाच्याच अंगावर चढलेले नसते; त्याला आठवणींचा साठा कसे म्हणावे? तरीही गोधडी गोधडीच राहते, कारण तिचे गोधडीपण जुन्या कापडापेक्षा टाक्यात अधिक आहे.

टाक्याकडे व टाका घालणारीकडे दुर्लक्ष होणे ही केवळ मराठीची गोष्ट नव्हे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली अमेरिकन गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. त्यांचा आकृतिबंध वाखाणला गेला, शिवणाऱ्या स्त्रिया मात्र बहुतांशी अनामिक राहिल्या. पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ च्या आपल्या लेखात या वृत्तीवर नेमके बोट ठेवले. तेथे गोधडी ‘चित्र’ झाल्यामुळे बाई हरवली. आपल्याकडे ती ‘माया’ झाल्यामुळे हरवते. दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण त्यात तिचा गौरव केल्याचे समाधानही मिळते.

याचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. हाताने शिवलेल्या गोधड्या आज प्रदर्शनांतून व ऑनलाइन विकल्या जातात. जाहिरातीत आजीची ऊब असते, शिवणारीचे नाव क्वचितच असते. मायेला मोल नसते ही समजूत मजुरी ठरविताना फार सोयीची पडते.

वागळे इस्टेटमध्ये आता अनेक ठिकाणी माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये उभी आहेत. भोवतालच्या वस्त्यांतील गोधडीचा अभ्यास ज्यांना करावयाचा आहे त्यांनी कवितांच्या यादीबरोबर एक साधी नोंदवहीही ठेवावी : दोरा कोणता, फेरा कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाला, ठिगळ आधी की धावदोरा, किती दिवस लागले, किती पैसे मिळाले आणि शिवणारीच्या संमतीने तिचे नाव.