मुंबईच्या गोदींतील स्फोटाचें स्थळ (इ. स. 1944)

ता. 14 एप्रिल 1944 रोजीं मुंबईस झालेल्या स्फोटाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु तो नेमका कोठें झाला, या प्रश्नास ‘बंदरांत’ एवढेंच मोघम उत्तर वारंवार मिळतें. संशोधकास तेवढ्यानें भागत नाहीं.

‘फोर्ट स्टिकीन’ जहाज ता. 12 रोजीं येऊन व्हिक्टोरिया गोदींत पहिल्या क्रमांकाच्या धक्क्यास लागलें होतें. त्यावर सुमारें 1,400 टन स्फोटक माल, कापसाच्या हजारों गांठी, तेल व सोनें असा विलक्षण संकर होता. दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या तळखणांत आग दिसली. 4 वाजून 6 मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. दोन्ही त्याच जहाजाचे. म्हणून स्थळ एकच, आणि तें धक्क्याच्या क्रमांकानेंच ठरतें.

या पुराव्यापुढें इतर पुराव्यांची किंमत काय, तें पाहूं. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकांवर धक्के नोंदले गेले. सिमल्यासहि भूकंप जाणवल्याची नोंद आहे. त्यांवरून जोर व वेळ कळते, धक्का कळत नाहीं. जळता कापूस उडून आसमंतांतील वस्ती पेटली. तेव्हां जळिताचा मध्य तोच स्फोटाचा बिंदु, हें अनुमान लटकें आहे. सोन्याची एक वीट तर मैलभर दूर घरांत पडली. दिवेआगरचा शके 982 चा मराठी ताम्रपट असो वा दुसरा कोणताहि, त्याचें प्राप्तिस्थान हेंच त्यांतील व्यवहाराचें स्थान असें आपण गृहीत धरीत नाहीं. विटेसहि तोच न्याय. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयांतील स्मारक वंदनीय खरें, कारण 66 जवान त्या दिवशीं कामीं आले. पण तें स्थलनिर्णयाचें साधन नव्हे.

समकालीन वृत्तपत्रांवरहि फार भिस्त ठेवतां येत नाहीं. युद्धकालीन नियंत्रणामुळें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बातमीदारांस वृत्त धाडतां आलें नाहीं. जपानच्या ताब्यांतील सायगाव नभोवाणीनें मात्र तें 15 एप्रिललाच सांगितलें होतें!

खरी अडचण पुढेंच आहे. उत्तरेस प्रिन्सेस गोदी, दक्षिणेस अलेक्झांड्रा (आतांची इंदिरा) गोदी, व मध्यें व्हिक्टोरिया, अशी जुनी रचना होती. व्हिक्टोरिया गोदी आतां भरून काढण्यांत आली आहे. जेथें जहाज उभें होतें तेथें पाणीच उरलें नसल्यानें ‘पहिला धक्का’ हे शब्द आजच्या पाहणाऱ्यास कांहींच दाखवीत नाहींत. जुना नकाशा नव्या मोजणीवर बसविणें एवढाच उपाय राहतो, आणि त्यासाठीं न हललेले बिंदु, म्हणजे जुने रस्ते व टिकलेल्या इमारती, प्रथम शोधले पाहिजेत.

म्हणून, ज्यांच्या संग्रहीं 1944 पूर्वींचे गोदीचे नकाशे असतील त्यांनीं ते प्रमाणासह प्रसिद्ध करावे. मात्र धक्क्यांचे क्रमांक त्यांत असावेत. नुसती किनाऱ्याची रेघ दाखविणारा नकाशा या कामीं निरुपयोगी आहे.