‘श्चेद्रिक’ : ध्यास आणि अर्थांतर

नाताळच्या दिवसांत श्रोत्याच्या मनाला एखादे अनपेक्षित गीत जडावे, याचे लक्षणीय उदाहरण म्हणजे ‘कॅरल ऑफ द बेल्स’. मुळात हे नाताळचे गीतच नव्हे. मिकोला लेओंतोविच या युक्रेनी संगीतकाराने लोकधुनेवरून रचलेले ‘श्चेद्रिक’ १९१६ साली कीव येथे प्रथम गायिले गेले. हे नववर्षाचे गीत असून त्यात पाकोळी घरधन्याला समृद्धीची वार्ता देते. १९३६ साली पीटर विल्हॉस्की याने त्यास इंग्रजी शब्द दिले. पाकोळीच्या जागी घंटा आल्या.

तेव्हा या ध्यासाचे मूळ शब्दांत नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर कोमल गंधार, ऋषभ, कोमल गंधार, षड्ज ही चार स्वरांची आकृती सतत आवर्तत राहते. षड्जावर येऊनही ती विसावत नाही. शब्द पालटले तरी आकृती अबाधित राहिली, म्हणून गीत सर्वत्र पसरले. परंतु १९२१ साली सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने ज्याची हत्या केली, त्या लेओंतोविचची पाकोळी मात्र हरपली. गीताच्या भाषांतराचे यश केवळ प्रसारावरून ठरविणे म्हणूनच अपुरे होय.