आहार, राहणी आणि स्तनघनता : एका निकषाची चिकित्सा

स्तनाच्या क्ष-किरण चित्रात ग्रंथी व तंतू पांढरे दिसतात, मेद काळसर दिसतो. या पांढऱ्या भागाचे संपूर्ण स्तनाशी असलेले प्रमाण म्हणजे स्तनघनता. जॉन वुल्फ या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाने १९७६ मध्ये तिचा कर्करोगाच्या धोक्याशी असलेला संबंध मांडला. २००६ च्या एका संकलित विश्लेषणात पाऊण किंवा अधिक भाग घन असलेल्या स्त्रियांचा धोका जवळजवळ मेदमय स्तन असलेल्या स्त्रियांच्या चौपटीहून अधिक आढळला. शिवाय घनता चित्रातील गाठ झाकून टाकते. तेव्हा आहार व राहणी यांमुळे ती कमी-अधिक होते काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील स्त्रियांविषयी तो विचारताना मात्र निकष आधी पारखून घेतला पाहिजे.

घनतेची टक्केवारी हा अपूर्णांक होय. शंभर भागांपैकी चाळीस घन असता घनता ४० टक्के. वजन वाढून मेदाचे साठ भाग अधिक झाले, तर १६० पैकी ४०, म्हणजे २५ टक्के. अंश जागच्या जागी राहिला, छेद तेवढा फुगला. परंतु रजोनिवृत्तीनंतर स्थूलता हेच कर्करोगाचे एक मान्य कारण आहे. म्हणून तळकट खाणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची घनता कमी भरली, तरी तिची राहणी हितकर ठरत नाही. वय, वजन, अपत्ये व रजोनिवृत्ती यांचा हिशेब निराळा केल्यावाचून आहाराविषयी काढलेला निष्कर्ष वस्तुतः वजनाविषयीचा असू शकतो.

प्रश्नावलीतील वर्गवारीही अशीच फसवी असते. खाडीकाठच्या कोळी-आगरी घरातील रोजचे मासे आणि डोंबिवलीच्या नोकरदार घरात रविवारी शिजणारे मटण ‘मांसाहार’ या एकाच रकान्यात पडतात. भाजी-भाकरी आणि उपवासाची तुपातली साबुदाण्याची खिचडी ‘शाकाहार’ या दुसऱ्या. ‘व्यायाम करता काय?’ या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर देणारी स्त्री पहाटे उठून डबे करते आणि गर्दीच्या लोकलमध्ये उभी राहून मुंबई गाठते. ते श्रम कोठेच नोंदले जात नाहीत.

शिवाय ही घनता मोजली जाते ती चित्रण झालेल्या स्त्रीचीच. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी हाताने करावयाची तपासणी सांगितली आहे, सरसकट चित्रण नव्हे. साहजिकच यंत्रापर्यंत पोचलेल्या स्त्रिया म्हणजे बहुधा लक्षण जाणवलेल्या किंवा खर्च झेपणाऱ्या. त्यांच्यावरून साऱ्या शहराविषयी बोलणे धाडसाचे होय.

आहाराचा काहीच परिणाम नाही, असा याचा अर्थ नव्हे. कॅनडातील एका प्रयोगात दोन वर्षे स्निग्धांश कमी केल्यावर घन भागाचे क्षेत्र काहीसे घटल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्याच आहाराचा दीर्घकाळ पाठपुरावा केला असता कर्करोगाचे प्रमाण घटले नाही, असे २०११ मध्ये दिसून आले. जुळ्या बहिणींवरील २००२ च्या अभ्यासाने तर घनतेतील फरकाचा निम्म्याहून अधिक वाटा आनुवंशिकतेकडे दिला.

घनता ही आरोग्याची गुणपत्रिका नव्हे. ती तशी मानल्यास एका स्त्रीला तिच्या ताटातील अन्नाचा नाहक दोष लागेल आणि दुसरीला वाढत्या वजनाचे खोटे आश्वासन मिळेल. या दोन्ही चुका टाळणारे मोजमाप, म्हणजे घन भागाचे प्रत्यक्ष क्षेत्र आणि वजन यांची स्वतंत्र नोंद, ही या विषयावरील पुढील संशोधनाची पहिली अट मानली पाहिजे.