‘महामिनिस्टर’ची महाअंतिम फेरी : सन्मान, श्रम आणि पैठणी

प्रस्तावना :

दूरचित्रवाणीवरील स्पर्धात्मक कार्यक्रम हा आज सांस्कृतिक अभ्यासाचा विषय ठरला आहे. मराठीत स्त्रियांसाठीच्या अशा कार्यक्रमांत ‘होम मिनिस्टर’चे स्थान अग्रभागी आहे. २००४ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम आदेश बांदेकर यांच्या सूत्रसंचालनाने २०२२ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, मराठी घराघरांत पाहिला गेला. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याचे ‘महामिनिस्टर’ हे भव्य पर्व सुरू झाले. राज्यातील निरनिराळ्या शहरांतून स्पर्धक निवडल्या गेल्या आणि जूनमधील महाअंतिम फेरीत रत्नागिरीच्या स्पर्धकाने अकरा लाख रुपयांची पैठणी जिंकली. या अंतिम फेरीच्या निमित्ताने, येथे स्त्रीचा जो सन्मान होतो तो नेमका कशाचा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कार्यक्रमाचे योगदान :

या कार्यक्रमाची केवळ थट्टा करणे अभ्यासकाला शोभणारे नाही. मालिकांतील दागिन्यांनी मढलेल्या नायिकांच्या काळात चाळीतल्या, वाड्यातल्या, दोन खोल्यांच्या घरातल्या स्त्रीला येथे स्वतःच्या नावाने बोलता आले. तिच्या संसाराची ओढाताण महाराष्ट्राने ऐकली. नवऱ्याला चारचौघांत बायकोचे कौतुक करावे लागले. आपल्याकडे ही गोष्ट लहान नाही. हे श्रेय मान्य करूनच पुढील विवेचन केले आहे.

स्पर्धेचा निकष :

कोणत्याही स्पर्धेत अंतिम फेरी हा निकषांचा कळस असतो. कबड्डीच्या अंतिम सामन्यात चढाई आणि पकड यांचे गुण मोजले जातात. हरलेल्या संघाचेही कसब प्रेक्षकाच्या ध्यानात राहते. येथे मात्र स्त्रीला गौरविले जाते ते गृहिणी म्हणून आणि विजय ठरतो तो फुगे, चेंडू आणि चपळाई यांच्या खेळांवर. घर चालविण्याचे, तुटपुंज्या मिळकतीत महिना निभावण्याचे, म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याचे जे कौशल्य तिच्यापाशी आहे, त्याला गुण नाहीत. ज्या कामासाठी ‘मंत्रिपद’ बहाल केले, तेच काम स्पर्धेबाहेर राहते. हा या अंतिम फेरीतील मूलभूत विसंवाद होय.

भावोजी आणि भाऊराया :

सूत्रसंचालक ‘भावोजी’ आणि स्पर्धक ‘वहिनी’ हे नाते कार्यक्रमाने जुळविले. ते सासरचे नाते आहे. परंतु साडी देण्याचा मान आपल्या लोकपरंपरेत माहेरचा, विशेषतः भावाचा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या संकलित झाल्या. ओव्यांतील भाऊराया ही व्यक्तिरेखा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. बहीण त्याची वाट पाहते ती साडीच्या किमतीसाठी नव्हे. कोणीतरी आपली विचारपूस करावी यासाठी. वाहिनीने भावाची ही रिकामी जागा अचूक हेरली. मात्र तेथे बसताना तिने विचारपूस थोडी आणि किंमत मोठी केली. ‘अकरा लाखांची’ हेच पैठणीचे विशेषण झाले. पैठणी मूळची गोदाकाठच्या पैठणची. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज येवल्यातही तिचे मोठे उत्पादन होते. तिच्या काठापदरात विणकराचे कित्येक महिन्यांचे श्रम असतात. किमतीचा आकडा मोठा झाला की ते श्रमही त्याआड जातात.

जनाबाईचे जाते :

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. पदव्युत्तर वर्गात जनाबाई शिकविताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. जनाबाईंच्या घरी येणारा विठ्ठल काही देण्यासाठी येत नाही. तो दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, तिची वेणी घालतो. स्त्रीच्या श्रमाचा सन्मान म्हणजे त्या श्रमात वाटा उचलणे, हा विचार सातशे वर्षांपूर्वी एका दासीने मांडला. कार्यक्रमाच्या शीर्षकगीतातील दार उघडण्याची हाक ऐकताना पैठणच्याच एकनाथांचे भारूडही आठवते. तेथे देवीला साकडे आहे ते संकटनिवारणाचे. येथे दार उघडते. पाहुणे येतात, हसतात, साडी देऊन जातात. पाहुणे गेल्यावर खरकटी भांडी कोण घासते, हे कॅमेरा दाखवीत नाही.

मंत्रिपदाचा अर्थ :

महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले आणि २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी पन्नास टक्के आरक्षण केले. गावोगाव स्त्रिया सरपंचपदी बसल्या. काही ठिकाणी ‘सरपंचपती’ कारभार पाहतात, तर काही ठिकाणी बाईच खमकेपणाने ग्रामसभा चालविते. अशा काळात स्त्रीला ‘मिनिस्टर’ म्हणणे आणि तिचे खाते मात्र ‘होम’ एवढेच ठेवणे, हा केवळ शब्दांचा खेळ राहत नाही. ‘महा’ हे उपपद लागल्याने बक्षीस वाढले. खाते तेच राहिले.

निष्कर्ष :

१) ‘महामिनिस्टर’ने सामान्य स्त्रीला दृश्यमान केले, तिच्या श्रमाला मात्र मूल्यमापनाचा विषय केले नाही.

२) माहेरच्या मायेची जागा बक्षिसाच्या किमतीने घेतली.

३) सन्मानाची अधिक सखोल कसोटी जनाबाईंच्या अभंगांत उपलब्ध आहे आणि तीच अशा कार्यक्रमांना लावली पाहिजे.

अंतिम फेरीतील विजेतीचा आनंद खरा होता. तो उणा लेखण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. अकरा लाखांची पैठणी एकीलाच मिळाली. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागावा, एवढी अपेक्षा मात्र घराघरांतील प्रत्येकीची आहे. त्यासाठी अकरा लाख रुपये लागत नाहीत.