मिलिंदचा प्रश्न आणि आमचे बी. ए.

महाविद्यालयाचा इतिहास कोणी लिहावा आणि कसा लिहावा, हा आपल्याकडे प्रश्नच मानला जात नाही. रौप्यमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तिच्यात संस्थापकांचे छायाचित्र, देणगीदारांची यादी, कोनशिलेचा दिनांक आणि मंत्र्यांचे शुभसंदेश असतात. त्या इमारतीत काय शिकवले गेले, ते ऐकायला कोण बसले होते, कोणती मुले पहिल्या वर्षातच गळाली, ग्रंथालयातली कोणती पुस्तके वाचून वाचून फाटली आणि कोणत्या पुस्तकांवरची धूळ कधी झटकलीच गेली नाही, याचा पत्ता त्या स्मरणिकेत लागत नाही. दगडविटांचा इतिहास लिहिला जातो; ज्ञानव्यवहाराचा राहून जातो. दलित समाजाला हे परवडणारे नाही. ज्यांच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदाच येतो आहे, त्यांच्या दृष्टीने महाविद्यालय हेच पहिले सांस्कृतिक रणक्षेत्र असते. तिथे काय घडले याची चिकित्सा त्यांनीच केली पाहिजे.

या चिकित्सेसाठी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाइतके मोलाचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. ८ जुलै १९४५ रोजी डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० मध्ये सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. या साऱ्या तारखा आपल्याला पाठ आहेत. पण औरंगाबादच का, हे आपण पुरेसे विचारत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. म्हणजे गावकुसाबाहेरच्या मराठी मुलाच्या वाटेत जात, दारिद्र्य आणि परकी भाषा अशा तीन भिंती उभ्या होत्या. जिथे या भिंती सर्वांत उंच, तिथेच बाबासाहेबांनी महाविद्यालय उभे केले. त्याचे दरवाजे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना उघडे ठेवले. स्वतंत्र वस्तीसारखी स्वतंत्र शाळा त्यांना नको होती.

आता त्या नावाकडे पाहू. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात तो भिक्षू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो आणि समाधान झाल्याशिवाय मान डोलावत नाही. राजा असूनही तो पंडिताच्या पातळीवर येऊन वाद करतो. उत्तर पटले की ते मोकळेपणाने मान्य करतो. महाविद्यालयाच्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले, पण महाविद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. आपल्या देशात शिक्षणसंस्थांना देवांची, गुरूंची, देणगीदारांची आणि पुढाऱ्यांच्या वडिलांची नावे देण्याचा प्रघात आहे. शंकेखोराचे नाव संस्थेला देणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्याच्या पूर्वजांनी वेद ऐकला तर कानात शिसे ओतावे असे शास्त्र सांगत होते, त्याने वर्गात हात वर करून 'हे असे का?' असे विचारणे, यातच उदार शिक्षणाचा सारा अर्थ सामावला आहे.

पण इथेच आपल्या गौरवपर लेखनाची अडचण सुरू होते. मिलिंदचा अभ्यासक्रम मिलिंदचा नव्हता. तो विद्यापीठाचा होता. आधी उस्मानियाचा, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याचा. संलग्न महाविद्यालयाने शिकवायचे काय ते विद्यापीठ ठरवते आणि परीक्षाही तेच घेते. मराठीच्या तासाला तीच पंडिती कविता, तेच मध्यमवर्गीय ललित निबंध, तीच सदाशिवपेठी सौंदर्यदृष्टी. मग दलित साहित्याच्या जाणिवेला या परिसरात वाचा फुटली ती कशामुळे?

माझे उत्तर असे की ती क्रमिक पुस्तकांच्या बाहेर फुटली. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ च्या सुमारास इथल्याच विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. वसतिगृहाच्या खोल्यांत, वादसभांत, वार्षिकांकाच्या पानांवर मुले आपल्या गावाविषयी बोलू-लिहू लागली. साठीच्या दशकात अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखडे प्राचार्य झाले. निग्रो साहित्य म्हणून त्या काळी ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी इथल्या तरुणांना करून दिली. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ च्या सुमारास 'अस्मिता' आणि पुढे 'अस्मितादर्श' चालवून लिहित्या हातांना व्यासपीठ दिले. १९६९ च्या 'मराठवाडा' दिवाळी अंकातील चर्चेने हा वाद साऱ्या मराठी वाङ्मयविश्वापुढे मांडला. यातले काहीही परीक्षेला नव्हते. कशालाही गुण नव्हते. तरीही महाविद्यालयाचे खरे शैक्षणिक कार्य हेच होते.

यातून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. महाविद्यालयाची गुणवत्ता त्याच्या अभ्यासपत्रिकेवरून मोजता येत नाही. शिक्षकाला पूर्णवेळ पगार आहे का, त्याला वाचायला सवड आहे का, मुलाला रात्री दिव्याखाली बसायला जागा आहे का, आणि दोघांनी मिळून केलेला विचार छापायला चार पाने आहेत का, या चार गोष्टींवर ती ठरते. मिलिंदमध्ये काही काळ या चारही गोष्टी एकत्र आल्या. पुढे सोसायटीतले कलह न्यायालयापर्यंत गेले आणि संस्थेचे तेज ओसरले. हेही आपल्या इतिहासाचे प्रकरण आहे. स्मरणिकेतून ते वगळले म्हणून ते पुसले जात नाही. बाबासाहेबांची संस्था आपल्याला सांभाळता आली का, हा मिलिंदचाच प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याला फितूर ठरवणे हा त्या नावाचा अपमान आहे.

दलितांना असे शिक्षण कशाला, हातांना काम मिळेल असे काही शिकवा, हा युक्तिवाद जुना आहे. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे कृष्णवर्णीय तरुणांना सुतारकाम, वीटकाम, शेतीकाम शिकवले. त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यांना जाहीर विरोध केला. फक्त हातांना शिक्षण द्याल तर समाजाचे नेतृत्व, शिक्षक, विचारवंत येणार कोठून, असा त्यांचा सवाल होता. ते स्वतः फिस्क या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकून पुढे आले होते. याच द्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. स्वतः बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र शिकले. जातीची मीमांसा करायला हीच शस्त्रे त्यांना उपयोगी पडली.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला होता आणि शेतकऱ्यांच्या करातून वरच्या वर्गांचे उच्चशिक्षण चालते यावर बोट ठेवले होते. बाबासाहेबांनी पुढे उच्चशिक्षणावर भर दिला, म्हणून काही विद्वान दोघांत विरोध शोधतात. मला तसा विरोध दिसत नाही. एकाने सार्वजनिक पैसा कोणाकडे जातो हे विचारले. दुसऱ्याने ज्ञानाचे वरचे मजले कोणाच्या ताब्यात आहेत हे विचारले. प्रश्न सत्तेचाच आहे.

हे सारे आज मैंदर्गीत बसून का लिहावे? कारण मिलिंदचा हिशेब आमच्या भागात अजून मिटलेला नाही. मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि पदवीच्या वर्गात इंग्रजी शब्दांनी भरलेली मराठी. मराठवाड्यातल्या मुलापुढे उर्दूची भिंत होती. आमच्या मुलापुढे आपल्याच दोन भाषांची आहे. त्याच्या आजीच्या तोंडी शरणांची वचने असतात. हरळय्या चांभार आणि मधुवरस ब्राह्मण यांच्या मुलामुलीच्या विवाहामुळे बाराव्या शतकात कल्याणमध्ये जे रक्त सांडले, त्याची कथा तो ऐकत आलेला असतो. मादार चन्नय्याचे नाव त्याला ठाऊक असते. जातिअंताचा हा केवढा वारसा! पण मराठीच्या वर्गात त्याला जागा नाही, कारण तो कन्नड आहे. आणि समाजशास्त्राच्या वर्गात जागा नाही, कारण तो पुस्तकात नाही. मुलगा वर्गात गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याला आम्ही 'मागासलेपण' म्हणतो.

याच तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे. त्यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आले. आज दलित आत्मकथने विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहेत. 'बलुतं' १९७८ चे, 'उपरा' १९८० चे. मिलिंदच्या पिढीने ज्यासाठी झुंज दिली ते मिळाले असे वाटेल. पण वर्गात काय होते ते पाहावे. आत्मकथन घटक क्रमांक तीन होते. बाजारात गाईड मिळते. 'नायकाच्या व्यथेचे चित्रण थोडक्यात लिहा, गुण पाच.' मूळ पुस्तक न उघडता विद्यार्थी उत्तीर्ण होतो. ज्या गावाची गोष्ट, त्याच तालुक्यातला मुलगा ती गाईडमधून वाचतो आणि आपली व्यथा पाच गुणांत बसवतो. पूर्वी वर्गाबाहेर राहून ज्या साहित्याने माणसे पेटवली, ते वर्गात येऊन निखाऱ्यावर राख धरावी तसे झाले आहे. दोष साहित्याचा नाही. वर उल्लेखिलेल्या चार गोष्टी वर्गातून गेल्या, त्याचा हा परिणाम आहे.

त्या कशा गेल्या? १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि पैसेवाल्यांची मुले तिकडे वळली. २००१ पासून 'कायम विनाअनुदान' हा शब्द नव्या महाविद्यालयांच्या कपाळी आला. कला शाखा ही उरलेल्यांची शाखा झाली. आणि उरलेले कोण, हे सांगायला नको. शिकवणारा शिक्षक घड्याळी तासावर. तासाचे पैसे, तेही महिनोन्महिने उशिरा. सुट्टीत काहीच नाही. नेट-सेट झालेला, पीएच. डी. झालेला आमचा तरुण दोन गावांत दोन महाविद्यालये करतो आणि एसटीत उत्तरपत्रिका तपासतो. त्याने वार्षिकांकासाठी मुलांचे लेखन केव्हा वाचावे? वादसभा केव्हा घ्यावी? मी ही नोकरी केली आहे. त्या संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली बसून आमच्याकडून मिळालेल्या पगारापेक्षा मोठ्या रकमेवर सही घेतली जात असे.

दुसरीकडे, ज्या शिक्षणाला आमच्याकडे 'नुसते बी. ए.' म्हणतात, त्यालाच महानगरांत इंग्रजी नाव लावून वर्षाला लाखो रुपयांना विकले जात आहे. हरियाणात अशोका विद्यापीठ २०१४ मध्ये सुरू झाले. पुण्याचे फ्लेम २०१५ मध्ये विद्यापीठ झाले. तिथे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित एकत्र शिकण्याचे महत्त्व सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही उदार शिक्षणाची थोरवी गाते. त्याचे मूळ बाणभट्टाच्या 'कादंबरी'तल्या चौसष्ट कलांत शोधते. तक्षशिला, नालंदा यांची नावे घेते. मग त्याच धोरणाखाली आमच्या तालुक्यात कौशल्याचे तास वाढतात आणि इतिहासाचा शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते. श्रीमंताच्या मुलाला विचार आणि गरिबाच्या मुलाला कौशल्य, ही वर्णव्यवस्थेची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे. टस्कीगीचा जुना वाद अशा रीतीने अक्कलकोटच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला आहे.

कौशल्याला माझा विरोध नाही. मुलांना रोजगार हवा आहे आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. विरोध आहे तो वाटणीला. सिद्धार्थ महाविद्यालयाने नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरवले, तेव्हा पोट आणि डोके यांची अशी फाळणी केली नव्हती.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही विस्तार करून. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे मेली. नावासाठी एवढी किंमत मोजलेल्या समाजाने आता नावाच्या आत काय आहे हे पाहण्याची वेळ आली आहे. २००४ मध्ये सोलापूरला एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ झाले. अभ्यासमंडळे आता कोल्हापूरला नाहीत, आपल्या दाराशी आहेत. तिथे कोण बसते, हे आपण विचारले पाहिजे. सीमाभागातल्या मुलांसाठी वचनसाहित्याचा मराठी अनुवादासह अभ्यास का नसावा? आत्मकथन शिकवताना मुलाने आपल्या गावाविषयी चार पाने लिहावीत आणि त्यालाच गुण असावेत, असे का नसावे? घड्याळी तासावरच्या शिक्षकाची मागणी ही केवळ पगाराची मागणी नसून अभ्यासक्रमाची मागणी आहे, हे विद्यार्थी संघटनांनी का उचलू नये?

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आपापल्या तालुक्यातल्या महाविद्यालयाचा खरा इतिहास लिहायला घ्यावा. मस्टर, ग्रंथालयाची नोंदवही, जुने वार्षिकांक, गळालेल्या मुलांची यादी हीच त्याची साधने. स्मरणिका छापणारे छापोत. मिलिंदाने नागसेनाला सोडले नव्हते. आपण आपल्या संस्थाचालकांना, विद्यापीठाला आणि आपल्या स्वतःच्या संघटनांना उत्तर दिल्याशिवाय सोडता कामा नये.